गारगोटी ५७३ अंशांवर: एका स्फटिक-अ‍ॅनिमेशनची दुरुस्ती

क्लिप जेमतेम चार सेकंदांची होती. निळे गोळे सिलिकॉनचे, लाल गोळे ऑक्सिजनचे. सुरुवातीला सगळे जागच्या जागी. मग लाल गोळे एकदम सुटतात, निळ्यांच्या अंगावरून जातात, मधल्या काड्या पटापट तुटतात, आणि शेवटी सगळी मंडळी नव्या जागी शहाण्यासारखी बसलेली. वर मथळा होता: ‘क्वार्ट्झ, ५७३ अंश’. पुण्यात मातीकामाचे वर्ग घेणाऱ्या एका ताईंनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, "भाच्याने केलंय. छान झालंय ना? आता मुलांना कळेल, आतले बंध तुटतात म्हणून भांडं तडकतं."

ताईंच्या या वाक्यामुळेच मी ते काम हातात घेतलं. नुसती चुकीची चित्रफीत असती तर ‘बरं आहे’ म्हणून सोडून देता आली असती. पण इथे चुकीच्या चित्रातून एक चुकीचं कारण जन्माला आलं होतं, आणि तेही अगदी पटण्यासारखं. भांडं तुटतं, चित्रात बंध तुटतात, मग शंका कोण घेणार? खरं तर ५७३ अंशांवर क्वार्ट्झमधला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतच नाही. स्फटिकशास्त्रात हे रूपांतर जागा सरकण्याचं, म्हणजे बंध न तोडता होणाऱ्या बदलाचं नमुनेदार उदाहरण मानतात. बंध तोडून नव्याने जोडावे लागतात अशी रूपांतरं वेगळी. क्वार्ट्झचं क्रिस्टोबलाइट (सिलिकॉन डायऑक्साइडचंच दुसरं स्फटिकरूप) होणं त्यातलं, आणि त्याला भट्टीत कितीतरी जास्त तापमान आणि वेळ लागतो.

भाचा एम.एस्सी. भूशास्त्राचा. कामसू मुलगा. इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहांतून त्याने दोन सीआयएफ फाइल्स, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या जागा लिहिलेल्या फाइल्स, उतरवल्या होत्या, एक खोलीच्या तापमानाच्या अल्फा-क्वार्ट्झची आणि एक ५७३ अंशांच्या वरच्या बीटा-क्वार्ट्झची. एका छोट्या पायथन स्क्रिप्टने पहिल्या फाइलमधल्या अणूंपासून दुसऱ्या फाइलमधल्या अणूंपर्यंत सरळ रेषा मारून मधल्या फ्रेम्स पाडल्या, व्हेस्टामध्ये त्यांची चित्रं काढली आणि ती जोडून क्लिप केली. पद्धत म्हणून यात वावगं काही नाही, बहुतेक जण हेच करतात. व्हेस्टा हे कोइची मोम्मा आणि फुजिओ इझुमी या जपानी संशोधकांचं सॉफ्टवेअर. शिक्षण-संशोधनासाठी फुकट, आणि स्फटिकाचं स्थिर चित्र काढायला त्याच्या तोडीचं दुसरं मला तरी माहीत नाही. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर होती.

५७३ ला नेमकं काय होतं

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. नदीची वाळू, ग्रॅनाइटचे पांढरे चमकते कण, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइटच्या शेजारी वाढलेले पारदर्शक सुळके, सगळं तेच. चिकणमातीतही ती बारीक कणांच्या रूपात असते आणि चिनीमातीच्या मिश्रणात तर मुद्दाम घालतात. ५७३ अंश सेल्सिअसला तिच्यात अचानक काही बदलतं, हे आंरी ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवलं. आत काय बदलतं ते क्ष-किरणांनी १९२५ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि गिब्ज यांनी उलगडलं.

प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, म्हणजे एक चतुष्फलक. प्रत्येक ऑक्सिजन दोन चतुष्फलकांत सामायिक. सिलिकॉन-ऑक्सिजन अंतर सुमारे १.६१ आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि चतुष्फलक जवळजवळ ताठ. लवचीकपणा आहे तो सांध्यांत. खोलीच्या तापमानाला हे चतुष्फलक बीटा-अवस्थेतल्या सरळ स्थितीपासून सुमारे १६ अंशांनी कललेले असतात. तापवत गेलं की हा कल कमी होत जातो, दोन चतुष्फलकांमधला कोन सुमारे १४४ अंशांवरून १५३ च्या आसपास जातो आणि सगळी जाळी फुगते. दुकानाचं घडीचं जाळीदार शटर आठवा: एकही पट्टी लांबत नाही, खिळ्यांपाशी फक्त कोन बदलतो, तरी दार पसरतं. ५७३ ला उरलासुरला कल एकदम शून्य होतो आणि तीन-पट सममितीची रचना सहा-पट सममितीची होते.

ज्या छोट्या ठोकळ्याच्या पुनरावृत्तीने सगळा स्फटिक बनतो तो युनिट सेल. खोलीच्या तापमानाला त्याची तळाची बाजू ४.९१ आंगस्ट्रॉम आणि उंची ५.४१. संक्रमणाच्या वर त्या साधारण ५.०० आणि ५.४६. आकारमानात मिळून साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढ. पण त्यातली ऐन ५७३ ला एका झटक्यात होणारी वाढ एका टक्क्याच्याही आतली, बाकीची वाटेत हळूहळू झालेली असते. कुंभारकामाच्या वर्गांत हे दोन्ही आकडे सर्रास एकमेकांत मिसळून सांगितले जातात.

फाइल्समध्ये काय बिघडलं होतं

लाल गोळे का उडाले ते शोधायला दोन्ही फाइल्स नुसत्या मजकूर म्हणून उघडल्या. ही सवय मी सगळ्यांना लावते. सीआयएफ ही साधी मजकूर-फाइल असते, तिला घाबरायचं कारण नाही.

अल्फाच्या फाइलमध्ये ऑक्सिजनची जागा होती ०.४१, ०.२७, ०.१२. हे तीन आकडे म्हणजे युनिट सेलच्या तीन बाजूंचे अंश. बीटाच्या फाइलमध्ये ऑक्सिजन ०.२१, ०.४२, ०.५० इथे. स्क्रिप्टने पहिला ऑक्सिजन पहिल्या ऑक्सिजनकडे पाठवला. मोजलं तर हा प्रवास अडीच आंगस्ट्रॉमच्या वर भरतो, म्हणजे बंधाच्या दीडपटीहून जास्त. अर्थात बंध तुटणार.

गोम अशी की फाइलमध्ये प्रत्येक प्रकारचा एकच अणू लिहिलेला असतो, बाकीचे सममितीच्या नियमांनी तयार होतात. बीटा-क्वार्ट्झच्या एका सेलमध्ये सहा ऑक्सिजन आहेत आणि सहाही सारखेच, म्हणून फाइल करणाऱ्याने त्यातला कुठलाही एक लिहिला तरी चालतं. त्या सहांपैकी एक आहे ०.४२, ०.२१, ०.१७ इथे. अल्फामधल्या आपल्या ऑक्सिजनचा खरा जोडीदार हा. तिथपर्यंतचं अंतर फक्त ०.४ आंगस्ट्रॉम. सिलिकॉनचं तर आणखी कमी: ०.४७ वरून ०.५० वर, म्हणजे ०.१५ आंगस्ट्रॉम. एवढाच सगळा खेळ. भाच्याला ही दोन अंतरं शेजारी शेजारी लिहून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, म्हणजे मी त्याला शेजाऱ्याच्या घरी पाठवलं." पाठवलंच होतं.

जोड्या लावायच्या त्या यादीतल्या क्रमाने नाही, जवळच्या अंतराने. दोन्ही फाइल्समधून सेलमधले सगळे नऊच्या नऊ अणू तयार करायचे, मग अल्फामधल्या प्रत्येक अणूला बीटामधला सगळ्यात जवळचा त्याच मूलद्रव्याचा अणू द्यायचा, आणि अंतर मोजताना शेजारच्या सेलमधल्या प्रतींनाही धरायचं. नाहीतर तळाशी बसलेला अणू माथ्यावरचा आपला भाऊ ओळखत नाही आणि अख्खा सेल ओलांडून जातो.

याच्या शेजारी आणखी दोन खड्डे आहेत. या प्रकरणात पाय पडला नव्हता, पण वाटेवरच होते.

पहिला आरंभबिंदूचा. अल्फा-क्वार्ट्झच्या काही फाइल्समध्ये सिलिकॉनची उंची शून्य धरलेली असते, काहींमध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय सारणीतल्या प्रमाण मांडणीनुसार दोन-तृतीयांश. स्फटिक तोच, फक्त मोजायला सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. दोन्ही मांडण्यांची एक-एक फाइल घेऊन अ‍ॅनिमेशन केलं तर सगळी रचना सेलच्या उंचीच्या एक-तृतीयांश, म्हणजे १.८ आंगस्ट्रॉम, वर किंवा खाली घसरते. बंध तुटत नाहीत, सगळं एकसंध सरकतं, म्हणून ही चूक जास्त फसवी. बघणाऱ्याला वाटतं, तापवल्यावर क्वार्ट्झ वर चढतं.

दुसरा हाताचा. क्वार्ट्झ डावा आणि उजवा असतो. आतली साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते, तीन-एक किंवा तीन-दोन अक्षाभोवती, म्हणजे दर १२० अंशांच्या वळणाला उंचीचा एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश वर चढणारी. तीन-एक अल्फा तापवला की सहा-चार बीटा होतो आणि तीन-दोन अल्फा तापवला की सहा-दोन बीटा. तिरकस वाटतं, पण हिशेब सोपा आहे: सहा-दोन अक्षाची पायरी दोनदा चढली की १२० अंश फिरून उंचीचा दोन-तृतीयांश वर येतो, आणि तोच तीन-दोन अक्ष. सहा-चारची पायरी दोनदा चढली तर चार-तृतीयांश, त्यातली एक पूर्ण उंची वजा केली की एक-तृतीयांश. चुकीच्या हाताच्या दोन फाइल्स जोडल्या तर कितीही हुशारीने जोड्या लावा, मध्ये बंध तुटणारच, कारण डाव्याचा उजवा करायला जाळी उसवावीच लागते. मात्र अशा वेळी अ‍ॅनिमेशनमध्ये बंध तुटताना दिसणं ही उपकाराची गोष्ट. तो इशारा असतो.

दुरुस्तीनंतर एक तपासणी कायमची बसवली. प्रत्येक फ्रेमसाठी सगळी सिलिकॉन-ऑक्सिजन अंतरं काढून सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं एका ओळीत छापायचं. ओळी १.५९ ते १.६२ च्या पट्ट्यात राहिल्या तर पुढे जायचं, नाहीतर चित्र काढायलाही बसायचं नाही. चित्र बघून चूक शोधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

सरळ रेषेने अणू सरकवले तर चतुष्फलक मध्येच आकसतात, असा एक आक्षेप जाणकार घेतात. तो तत्त्वतः बरोबर आहे, कारण फिरणारी वस्तू कंसावरून जाते, जीवेवरून नाही. पण १६ अंशांच्या फिरण्यात वाटेच्या मध्यावर हा फरक एका टक्क्याच्या आसपास येतो, बंधात फार तर दीड शतांश आंगस्ट्रॉम. डोळ्याला दिसत नाही. एखादा गट ६० किंवा १२० अंशांनी फिरणार असेल तिथे मात्र सरळ रेषा वापरूच नये.

फ्रेमचा आकडा म्हणजे काय?

जोड्या लागल्या, बंध शाबूत राहिले, आणि क्लिप गुळगुळीत झाली. फारच गुळगुळीत. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत चतुष्फलक एकसारख्या गतीने कलतात आणि शांतपणे सरळ होतात. भाचा खूश होता. मी विचारलं, "पन्नासाव्या फ्रेमला तापमान किती?" त्यावर काहीच उत्तर नव्हतं, कारण त्या क्लिपमध्ये तापमान नव्हतंच. दोन टोकांची चित्रं होती आणि मध्ये भरलेला कापूस.

स्फटिक-अ‍ॅनिमेशनमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, असं माझं मत आहे. सॉफ्टवेअरला दोन स्थिती दिल्या की ते मधलं काहीही भरून देतं, तक्रार करत नाही. बघणारा मात्र क्लिप बघताना नकळत काळ किंवा तापमान मोजत असतो. तेव्हा फ्रेमचा आकडा कशाचा, हे आधी ठरवावं लागतं. इथे ताईंना भट्टीबद्दल सांगायचं होतं, म्हणजे फ्रेम तापमानाची.

आणि तापमान लावलं की चित्र बदलतं. कल तापमानाप्रमाणे कसा बदलतो याचं एक सूत्र ग्रिम आणि डॉर्नर यांनी १९७५ मध्ये दिलं. संक्रमणाच्या क्षणी उरलेला कल ७.३ अंश धरून ते चालतं, आणि खोलीच्या तापमानाचे सोळा अंशही त्यातून बरोबर निघतात. त्यात आकडे घातले की १०० अंश सेल्सिअसला कल १५.७ अंश, ३०० ला १४.०, ४०० ला १२.८, ५०० ला ११.०, ५५० ला ९.२, ५७० ला ७.८, ५७३ ला ७.३ आणि लगेच शून्य. म्हणजे पहिली पाचशे अंशांची चढण चढताना चतुष्फलक जेमतेम पाच अंश हलतात, पुढच्या सत्तरेक अंशांत चारेक, आणि उरलेले सात एका उडीत. भाच्याच्या गुळगुळीत क्लिपमध्ये ही उडी कुठेच नव्हती. ताईंना जे दाखवायचं होतं नेमकं तेच.

सेलच्या बाजू आणि अणूंच्या जागा यांसाठी दोनच टोकं न घेता किहारा यांच्या १९९० च्या मोजमापांची मालिका घेतली. त्यांनी एकाच क्वार्ट्झची रचना खोलीच्या तापमानापासून १०७८ केल्विनपर्यंत टप्प्याटप्प्याने क्ष-किरणांनी काढली आहे. हे टप्पे आमचे खुंट झाले आणि दोन खुंटांमधली दोरी वरच्या सूत्राने ताणली. तरी प्रत्येक फाइलचा आरंभबिंदू आणि हात तपासूनच आत घेतला. एका फ्रेमला दोन अंश सेल्सिअस असं प्रमाण धरलं. २५ ते ६२५ म्हणजे तीनशे पावलं, सेकंदाला २५ फ्रेम्स, एकूण बारा सेकंद. व्हॉट्सअ‍ॅपवर यापेक्षा लांब कोणी बघत नाही.

मग ताईंनी एक प्रश्न विचारला आणि सगळी क्लिप उलटी करावी लागली. "पण आमची भांडी तापताना कुठे तडकतात? थंड होताना तडकतात."

खरं आहे. चढताना कच्चं भांडं सच्छिद्र असतं, कण एकमेकांशी पक्के चिकटलेले नसतात, थोडी हालचाल खपून जाते. उतरताना मधली माती काचेसारखी घट्ट झालेली असते आणि तिच्यात अडकलेला गारगोटीचा कण अचानक आक्रसतो. तेव्हा अंतिम क्लिप ६२५ वरून २५ वर उतरणारी केली. तापताना आणि थंड होताना संक्रमणाच्या तापमानात जो फरक पडतो तो अंशभराच्या आसपास आहे, आमच्या फ्रेमच्या पावलापेक्षा लहान. म्हणून तीच आकडेवारी उलटी लावून चाललं.

उलट दिशेत नवा पेच निघाला, आणि तो भाच्यानेच पकडला. "मॅडम, खाली येताना चतुष्फलकाने कुठल्या बाजूला कलायचं?" बीटा सरळ उभा आहे. अल्फा होताना तो एका बाजूला कलू शकतो किंवा दुसऱ्या, दोन्हींची ऊर्जा सारखी. खऱ्या स्फटिकात एका भागात असा, शेजारच्या भागात तसा कल येऊ शकतो, आणि मग जो जोडस्फटिक बनतो त्याला डोफिने जुळं म्हणतात. बाहेरून दिसत नाही, पण घड्याळासाठी किंवा रेडिओसाठी क्वार्ट्झची चकती कापणाऱ्याला ते नको असतं, कारण दोन भागांची विद्युत-दिशा उलटसुलट होऊन परिणाम कटतो. क्लिपमध्ये आम्ही एकच बाजू घेतली. दोन भाग शेजारी शेजारी दाखवायचा मोह झाला होता, पण मातीकाम शिकणाऱ्या मुलांसाठी बारा सेकंदांत ती भर जास्त झाली असती.

५७३ च्या वर काय दाखवायचं यावर आमचं थोडं वाजलं. फाइल सांगते, कल शून्य, सगळं स्थिर आणि सुबक. पण त्याच फाइलमध्ये सिलिकॉन-ऑक्सिजन अंतर १.५९ च्या आसपास निघतं, म्हणजे तापल्यावर बंध आखूड झाला! असं होत नाही. ऑक्सिजन जोरात हेलकावे खात असतो आणि क्ष-किरणांना त्याची फक्त सरासरी जागा दिसते. त्या सरासरी जागेपासून मोजलं की अंतर कमी भरतं. भाच्याचं म्हणणं, मग हलताना दाखवू, चतुष्फलक डुलवू. मी नको म्हटलं. डुलवायचं तर किती वेगाने? अणूंची कंपनं सेकंदाला लाखो कोटींच्या घरात, पडद्यावर सेकंदाला दोन. शिवाय बीटामध्ये ऑक्सिजन दोन्ही कलांमध्ये ये-जा करतो की सरळ स्थितीभोवतीच मोठे हेलकावे घेतो, यावर शास्त्रज्ञांमध्ये बराच काळ वाद झालेला आहे. डुलवलं की आपण नकळत त्यात बाजू घेतो. त्याऐवजी गोळ्यांच्या जागी कंपनाचे लंबगोल ठेवले. ही सोय व्हेस्टामध्ये आयती आहे आणि लंबगोलांचे आकडे मोजमापांतूनच येतात. वर गरम असताना ऑक्सिजनचे लंबगोल फुगलेले, खाली उतरता उतरता आवळत जाणारे. कुठलाही वेग न सांगता उष्णता दिसते.

कॅमेरा आणि इतर कटकटी

युनिट सेलची बाजू दीड-पावणेदोन टक्क्यांनी बदलते. हजार पिक्सेल रुंद चित्रात हा बदल सतरा पिक्सेलचा. आता अडचण अशी की नवी फाइल उघडली की अशी सॉफ्टवेअर मॉडेल खिडकीत नीट मावेल असं बसवून देतात. स्थिर चित्राला ही सोय, अ‍ॅनिमेशनला घात. प्रत्येक फ्रेम वेगळी फाइल म्हणून उघडली तर फुगणंच पुसलं जातं, कधी उलट चित्र किंचित थरथरतं. मोठेपणा आणि मध्यबिंदू हाताने कुलूपबंद करायचे, किंवा सगळ्या फ्रेम्स एकाच फाइलमध्ये घालून जेमोलसारख्या सॉफ्टवेअरने चालवायच्या, म्हणजे सगळ्यांना एकच कॅमेरा लागतो. चाचणीचे फेरे आम्ही जेमोलमध्ये मारले आणि अंतिम चित्रं व्हेस्टामधून काढली. जेमोलला लागणाऱ्या साध्या एक्सवायझेड फाइलमध्ये फक्त अणू असतात, सेल नसतो, म्हणून तिथे सेलच्या रेषा वेगळ्या काढाव्या लागतात.

सतरा पिक्सेल तसेही कोणाच्या लक्षात येत नाहीत. फुगवटा दहापट करून दाखवा, असा एक सल्ला मिळाला होता. तो घेतला नाही. त्याऐवजी ६२५ अंशांच्या सेलची चौकट फिक्या राखाडी रेषेत शेवटपर्यंत जागेवर ठेवली. आतली गडद चौकट आक्रसत जाते आणि दोन रेषांमध्ये पडलेली फट दिसते. ऐन ५७३ ला ती फट एकदम रुंदावते.

एक सिलिकॉन मात्र लुकलुकत होता. एखाद्या फ्रेमला तळाशी, पुढच्या फ्रेमला माथ्यावर, परत तळाशी. त्याची उंची शून्य असायला हवी होती, पण आकडेमोडीतल्या बारीक चुकीने ती कधी उणे ०.००००१ व्हायची. सॉफ्टवेअर अशा अणूला सेलच्या आत आणण्यासाठी एक मिळवतं, तो ०.९९९९९ होतो आणि थेट छताला चिकटतो. उपाय एकच: कुठले अणू दाखवायचे ही यादी पहिल्या फ्रेमला एकदाच गोठवायची आणि पुढे फक्त त्यांच्या जागा बदलायच्या. प्रत्येक फ्रेमला सममितीने नव्याने अणू तयार करायला गेलं की सीमेवरचे अणू असे डोळे मिचकावतात.

बघायची दिशा सेलच्या उंचीच्या अक्षावरून, सरळ वरून खाली. तिथून सहा-पट सममितीची मोकळी कडी दिसतात, आणि थंड होताना ती पिळवटून तीन-पट होतात. तिरका कोन जास्त ‘थ्री-डी’ वाटतो, पण त्यात हाच बदल हरवतो. मॉडेल गोल गोल फिरवणं तर अजिबात नाही. बदल चालू असताना कॅमेराही फिरवला की काय हललं, स्फटिक की आपण, हे कळत नाही. दूरचं लहान दिसणारी दृष्टी बंद करून समांतर प्रक्षेप ठेवला, नाहीतर फुगणं आणि जवळ येणं सारखंच दिसतं.

शेवटी एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने चित्रं जोडली. इथे नवख्यांना हमखास नडणारी गोष्ट सांगते. पीएनजी चित्रांपासून केलेली क्लिप संगणकावर नीट चालते आणि फोनवर काळा पडदा दाखवते. पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२०पी असा स्पष्ट सांगावा लागतो आणि चित्राची रुंदी-उंची सम संख्येत ठेवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप वरून आणखी दाबतं, त्यात बारीक रेषा आधी जातात, म्हणून बंधांच्या काड्या जाड घेतल्या आणि तापमानाचा आकडा कोपऱ्यात मोठा ठेवला.

भांडं का तडकतं, हे मात्र या क्लिपमध्ये दिसत नाही, दिसू शकत नाही. नऊ अणूंच्या सेलमध्ये भेग बसत नाही. भेग पडते ती भांड्याचा पातळ काठ ५७३ च्या खाली गेलेला असताना जाड बूड अजून वर असतं तेव्हा, किंवा कण आणि त्याच्या भोवतीची काच यांच्या आक्रसण्यात फरक पडतो तेव्हा. ताईंना तसं सांगितलं. त्यांनी वर्गात क्लिपनंतर फळ्यावर जाड बुडाच्या वाडग्याचा उभा छेद काढून त्यावर तापमानं लिहायला सुरुवात केली आहे, आणि भट्टी ६०० ते ५०० च्या मध्ये सावकाश का उतरवायची ते त्या छेदावरच समजावतात. बंध तुटण्याचं वाक्य गेलं.

दोन फ्रेम्सच्या मध्ये एक गोष्ट निसटली आहे, तीही त्यांना सांगून ठेवली. अल्फा आणि बीटा यांच्यामध्ये, जेमतेम दीड अंशाच्या पट्ट्यात, एक तिसरी अवस्था आहे. तीत कल जागेनुसार लाटेसारखा बदलत जातो आणि त्या लाटेची लांबी सेलच्या मापात बसत नाही. आमचं पाऊल दोन अंशांचं. ती अवस्था त्यात पडत नाही, आणि पडली असती तरी एका सेलच्या चित्रात मावली नसती.

आता ताईंना क्रिस्टोबलाइटची क्लिप हवी आहे. त्याचंही थंड होताना असंच आक्रसणं आहे, दोनशेवीस ते दोनशेसत्तरच्या दरम्यान, आणि ते क्वार्ट्झपेक्षा जास्त छळतं. भाच्याने फाइल शोधली तर उच्च तापमानाच्या रूपात एका ऑक्सिजनच्या जागी सहा जागा लिहिलेल्या निघाल्या, प्रत्येकीवर एक-षष्ठांश ताबा, म्हणजे खरा ऑक्सिजन एका वेळी त्या सहांपैकी एकाच जागी. व्हेस्टा ते सहाही गोळे फोड कापल्यासारखे, थोडा भाग रंगवून बाकी पांढरे दाखवतं. त्यातली कुठली जागा खाली कुठल्या ऑक्सिजनला जोडायची, ते त्याने अजून ठरवलेलं नाही.